पिल्लाला पार्वोपासून वाचवायचं तर लस, सफाई, आयसोलेशन: सगळं कुठल्या क्रमाने करायचं

"दोन इंजेक्शनं झाली होती हो, तरी पार्वो झालाच कसा?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी लगेच उलट प्रश्न विचारते, शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा पिल्लू किती आठवड्यांचं होतं? उत्तर बहुतेक वेळा नऊ किंवा दहा असतं. म्हणजे लस दिलेली असते, घर पुसलेलं असतं, पिल्लू वेगळं ठेवलेलं असतं, पण एकतर वेळ चुकलेली असते नाहीतर क्रम. हा लेख फक्त त्या वेळेबद्दल आणि क्रमाबद्दल आहे.

पार्वो म्हणजे कुत्र्यांना, विशेषतः पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. एवढं आधी डोक्यात पक्कं बसवा. पार्वोचा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून बाहेर पडतो आणि तोंडावाटे दुसऱ्या कुत्र्यात जातो. त्यासाठी दोन कुत्र्यांची भेट व्हायची गरजच नाही, तुमची चप्पल, पट्टा, पाण्याचं भांडं, गाडीची चाकं, काहीही पुरतं. चिमूटभर शीमध्ये कोट्यवधी विषाणू असतात. घरात ते महिनाभर किंवा जास्त टिकतात, बाहेर सावलीतल्या ओलसर मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही. सगळ्यात जास्त धोका साधारण ६ आठवडे ते ६ महिने वयाच्या पिल्लांना, आणि अर्थात कुठल्याही वयाच्या लस न झालेल्या कुत्र्याला.

पायरी १: वय आठवड्यांत काढा, कार्ड नीट वाचा

"दीड-दोन महिन्यांचं असेल" हे चालणार नाही. पुढचं सगळं वेळापत्रक आठवड्यांवर चालतं त्यामुळे जन्मतारीख हवी, आणि ती माहीत नसेल तर व्हेटकडून (प्राण्यांच्या डॉक्टरकडून) दात बघून अंदाज घ्या आणि तो कार्डावर लिहून घ्या.

मग लसीकरणाचं कार्ड. कार्डावर नुसती सही आणि तारीख पुरत नाही, लशीच्या बाटलीचा स्टिकर, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असायला हवी. ज्यांच्याकडून पिल्लू घेताय ते "पहिला डोस आम्हीच दिलाय" म्हणतात आणि कार्ड कोरं असतं, तेव्हा तो डोस झालाच नाही असं धरून चाला. यात भांडण्यासारखं काही नाही, ते खरंही बोलत असतील, पण लस फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि ती कुठे ठेवली होती, कशी आणली, हे तुम्हाला कोण सांगणार?

आई कुत्रीची लस झाली होती का हेही विचारा. पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात चिकातून (आईच्या पहिल्या दुधातून) अँटिबॉडी, म्हणजे आजाराशी लढणारे घटक, मिळतात, आणि पायरी ३ मधला सगळा घोळ त्यांच्यामुळेच होतो.

पायरी २: पिल्लू आणायच्या आधी घर तयार

इथे लोक उलट करतात, आधी पिल्लू येतं, मग आठवड्याने कुणीतरी विचारतं की अरे, या घरात आधीच्या कुत्र्याला काय झालं होतं?

गेल्या वर्षभरात घरात किंवा अंगणात पार्वोची केस झाली असेल तर इथेच थांबा आणि थेट पायरी ९ वाचा. नसेल तर काम सोपंय:

- चपलांची जागा दाराबाहेर. पिल्लू जिथे फिरणार त्या फरशीवर बाहेरची चप्पल येणारच नाही.
- शी-शूसाठी घरातली किंवा गच्ची-गॅलरीतली एक जागा ठरवा, जिथे बाहेरचं कुत्रं कधी येत नाही.
- भांडी, पट्टा, अंथरूण नवीन. कुणी प्रेमाने जुनं अंथरूण देत असेल तर आभार माना आणि घेऊ नका.
- घरात मोठं कुत्रं असेल तर त्याची लस चालू आहे का ते आधी बघा. मोठं कुत्रं स्वतः आजारी न पडताही विषाणू घरात आणू शकतं.

पायरी ३: डोस मोजू नका, वय मोजा

ही पायरी दोनदा वाचली तरी चालेल.

आईकडून आलेल्या अँटिबॉडी पिल्लाला वाचवतात, पण लशीतला विषाणूही त्याच निकामी करतात. म्हणजे त्या भरपूर असताना दिलेली लस वाया जाते. त्या दर ९-१० दिवसांनी साधारण निम्म्या होत जातात आणि प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी संपतात, एकाच वेताच्या भावंडांतही. कुणाच्या आठव्या आठवड्यात, कुणाच्या चौदाव्या. त्यात मधे असा काळ येतो की अँटिबॉडी लस हाणून पाडण्याइतक्या आहेत पण खरा आजार अडवण्याइतक्या नाहीत. पिल्लं सापडतात ती नेमकी याच काळात.

म्हणून एक डोस देऊन भागत नाही आणि म्हणूनच ठरावीक अंतराने परत परत द्यावा लागतो. हे बूस्टर नाहीत बरं का, आधीचा लागला नसेल तर हा तरी लागेल, असा तो प्रकार आहे.

क्रम असा:

१. पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांत.
२. त्यानंतर दर २ ते ४ आठवड्यांनी पुढचा.
३. या मालिकेतला शेवटचा डोस वय १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. हा चुकला तर आधीचे सगळे झालेले असूनही भरवसा नाही.
४. पुढचा डोस साधारण ६ महिन्यांचं झाल्यावर, किंवा फार तर वर्षाचं होईपर्यंत. सोळाव्या आठवड्यातही ज्याच्या अंगात आईच्या अँटिबॉडी उरल्या होत्या असं एखादं पिल्लू यात पकडलं जातं.
५. मग बूस्टर. पार्वोची जिवंत-पण-कमजोर-केलेली लस एकदा नीट लागली की ३ वर्षं किंवा जास्त पुरते. तरी काही व्हेट दरवर्षी बोलावतात कारण त्याच भेटीत दुसऱ्या लशी असतात, ज्या खरंच दरवर्षी लागतात. कुठली कशासाठी ते विचारून घ्या.

उदाहरण: सातव्या आठवड्यात आलेलं पिल्लू असेल तर ७, १०, १३, १६ असे चार डोस होतात. बाराव्या आठवड्यात आलेलं असेल तर १२ आणि १६, दोनच. दोन डोसवालं पिल्लू चार डोसवाल्यापेक्षा कमी सुरक्षित आहे असं नाही, कारण दोघांचाही शेवटचा डोस सोळाव्यात आहे. आणि ६, ८, १० असे तीन डोस झालेलं पिल्लू मात्र अजून उघड्यावर आहे, कार्ड कितीही भरलेलं दिसू दे.

मोठं कुत्रं दत्तक घेतलंय आणि इतिहास माहीत नाही? मग व्हेट बहुतेक दोन डोस देतात, २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने. आईच्या अँटिबॉडीचा प्रश्न तिथे नसतोच.

⚠️ सावधान: पिल्लू छोट्या जातीचं आहे म्हणून अर्धा डोस मागू नका. लशीचा डोस वजनावर ठरत नाही, पूर्ण डोसच हवा.

✅ तपासा: कार्डावरच्या शेवटच्या डोसची तारीख उणे जन्मतारीख. १६ आठवडे किंवा जास्त येतंय का? नसेल तर आजच अपॉइंटमेंट घ्या.

पायरी ४: लशीच्या दिवशी

पिल्लू तब्येतीने ठीक असलं पाहिजे. ताप, जुलाब, खात नाहीये, अशा अवस्थेत लस पुढे ढकलायची की नाही ते व्हेटने ठरवायचं, पण सांगायचं तुम्ही. "आधीच वेळ झालाय, देऊनच टाका" असं दडपण आणू नका. जंताचं औषध वेळापत्रकाप्रमाणे चालू ठेवा.

क्लिनिक म्हणजे आजारी कुत्री येण्याची जागा, हे लोक विसरतात. पिल्लाला मांडीवर किंवा कॅरियरमध्ये ठेवा, फरशीवर उतरवू नका, बाजूच्या कुत्र्याला हुंगू देऊ नका. वजनकाटा आणि टेबल पुसून द्यायला सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही, चांगले डॉक्टर न सांगता पुसतात.

लस झाल्यावर वीस मिनिटं तिथेच किंवा जवळपास थांबा. एखाद दिवस सुस्ती, सुईच्या जागी थोडं दुखणं चालतं. तोंड-डोळे सुजणं, अंगावर गांधी, लागोपाठ उलट्या, धाप लागणं, यातलं काही दिसलं तर फोन करत बसू नका, थेट परत जा.

पायरी ५: मधले आठवडे

शेवटच्या डोसनंतर अजून एक ते दोन आठवडे थांबायचं, मग मोकळं फिरायचं. लस टोचली आणि त्याच संध्याकाळी बागेत, हा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय. टोचल्या टोचल्या कवच तयार होत नाही.

पण म्हणून चार महिने पिल्लाला खोलीत कोंडायचं का? नाही, आणि ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. साधारण ३ ते १४ आठवडे हा काळ पिल्लू जग बघून शिकण्याचा असतो, तो गेला की पुढे भित्रं किंवा चावरं कुत्रं सांभाळायची वेळ येते. त्यामुळे:

चालेल: कडेवर घेऊन फिरणं, गाडीतून रस्ता दाखवणं, वेगवेगळे आवाज आणि माणसं, लस पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याच्या घरी भेट (घर स्वच्छ, तिथे कधी पार्वो नाही, ही अट).

नाही: कुत्र्यांची बाग, रस्त्याच्या कडेचं गवत, सार्वजनिक पाण्याची भांडी, डॉग शो, पेट शॉपची फरशी, कुठल्या कुत्र्याची लस झाली माहीत नाही अशी कुठलीही जागा.

तुम्ही स्वतः दुसऱ्या कुत्र्यांशी खेळून आलात तर आधी हात साबणाने नीट धुवा, कपडे बदला, मग पिल्लू उचला. आणि हात धुण्याऐवजी सॅनिटायझर नको, त्यातलं अल्कोहोल या विषाणूवर भरवशाने चालत नाही.

पायरी ६: संशय आला तर पहिले तास

विषाणू अंगात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक ३ ते ७ दिवस जातात, कधी दोन आठवडे. सुरुवात रक्ताच्या जुलाबाने होते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आधी पिल्लू गप्प होतं, खाणं सोडतं, मग उलट्या, आणि त्यानंतर पातळ, भयंकर वासाची शी, ज्यात रक्त असेलच असं नाही. रक्त दिसेपर्यंत वाट बघणाऱ्यांचा एक दिवस तिथेच जातो, आणि या आजारात एक दिवस म्हणजे फार.

हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि हाडांच्या मगजावर हल्ला करतो. म्हणजे एका बाजूने पाणी आणि क्षार वाहून जातायत, आतड्यातले जंतू रक्तात शिरतायत, आणि त्याच वेळी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतायत. घरगुती उपायाने हे का सावरत नाही ते यावरून कळेल.

क्रम:

१. पिल्लाला लगेच एका खोलीत वेगळं करा, बाकी कुत्री-मांजरं बाहेर.
२. क्लिनिकला फोन करा आणि "पार्वोचा संशय आहे" हे शब्द वापरा. ते वेगळ्या दाराने घेतील किंवा गाडीतच तपासतील. न सांगता वेटिंगमध्ये जाऊन बसलात तर तिथे लशीसाठी आलेली पिल्लं असतात.
३. वय, डोसच्या तारखा, उलट्या-जुलाब कधीपासून आणि किती वेळा, हे कागदावर लिहून न्या. शीचा थोडा नमुना बंद डबीत.
४. जाताना पिल्लाखाली टाकून देता येईल असं काहीतरी अंथरा.

⚠️ सावधान: माणसांचं जुलाब थांबवायचं औषध देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अजिबात नको. आणि उलट्या होणाऱ्या पिल्लाच्या तोंडात सिरिंजने पाणी-ओआरएस कोंबू नका, फुप्फुसात जातं.

शीची झटपट टेस्ट दहा-पंधरा मिनिटांत होते. निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, फार लवकर किंवा फार उशिरा केली तर ती चुकू शकते, त्यामुळे डॉक्टर परत करा म्हणाले तर करा. नुकतीच लस झाली असेल तर तेही सांगा कारण लशीमुळे कधी कधी हलकी पॉझिटिव्ह येते.

विषाणू मारणारी गोळी मिळेल या आशेवर राहू नका, मुख्य उपचार म्हणजे शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं औषध, अँटिबायोटिक, आणि जमेल तितक्या लवकर थोडं थोडं खाणं. वेळेत नेलेली बहुतेक पिल्लं यातून वाचतात. न नेलेली बहुतेक वाचत नाहीत.

पायरी ७: घरात आजारी आणि निरोगी दोन्ही असतील तर

इथे एकच नियम, आधी निरोगी, शेवटी आजारी. सकाळी उठलं की आधी धडधाकट कुत्र्याचं खाणं-पिणं-फिरणं, मग आजारी पिल्लाच्या खोलीत जाणं, आणि तिथून निघाल्यावर थेट हात धुणं आणि कपडे बदलणं. शक्य असेल तर घरातल्या एकाच माणसाने आजारी पिल्लाचं सगळं बघायचं.

त्या खोलीची चप्पल वेगळी, ती दाराबाहेर येत नाही. भांडी, मॉप, बादली वेगळी. शी लगेच उचलून बंद पिशवीत.

लक्षात घ्या की लक्षणं दिसायच्या आधीपासूनच विषाणू शीतून बाहेर पडत असतो, म्हणजे मागच्या दोन-तीन दिवसांत ज्या कुत्र्यांसोबत पिल्लू खेळलं त्यांच्या मालकांना आजच फोन करा. अवघड वाटतो हा फोन, पण करा. त्या कुत्र्यांवर दोन आठवडे लक्ष ठेवायला सांगा आणि लस राहिली असेल तर व्हेटशी बोलायला सांगा.

मांजर असेल तर तिचीही लस बघा, पार्वोचे काही प्रकार मांजरांनाही होतात. माणसांना हा कुत्र्यांचा पार्वो होत नाही, आपण फक्त वाहक.

पायरी ८: सफाई, जी जवळजवळ सगळे चुकवतात

नेहमीची चूक म्हणजे शी पडली त्यावरच ब्लीच ओतणं. शी, उलटी, माती यांच्या संपर्कात ब्लीचची ताकद संपते आणि खालचा विषाणू तसाच राहतो. दुसरी चूक फिनाईल किंवा सुगंधी फ्लोअर क्लीनर. वास छान येतो पण या विषाणूला वरचं चरबीचं आवरण नसतं त्यामुळे असली बरीच जंतुनाशकं त्याच्यावर भरवशाची नाहीत.

क्रम:

१. ग्लोव्हज, खिडक्या उघड्या, सगळे प्राणी बाहेर.
२. घाण टिश्यूने उचला, पिशवीत बंद.
३. साबणाच्या पाण्याने जागा घासून धुवा, कोपरे आणि फटींसकट. मग साध्या पाण्याने साबण काढून टाका.
४. आता ब्लीच. साधारण ५-६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग, म्हणजे १ लिटर पाण्यात साधारण ३५ मिली. बाटलीवर टक्के कमी असतील तर त्या हिशोबाने ब्लीच वाढवा.
५. पृष्ठभाग पूर्ण १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. मधेच वाळला तर परत ओला करा. टायमर लावा, अंदाजाने नको, आपली दहा मिनिटं तीन मिनिटांत संपतात.
६. स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग प्राण्यांना आत सोडा.

⚠️ सावधान: ब्लीचमध्ये ॲसिड, टॉयलेट क्लीनर, अमोनियावालं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. कुत्र्याच्या शूमध्येही अमोनिया असतो, म्हणून तीही आधी धुऊन काढायची. आणि ब्लीच कुत्र्याच्या अंगावर कधीच नाही.

द्रावण रोज नवीन बनवा, कालचं उरलेलं फेकून द्या.

कपडे, चादरी वेगळ्या धुवा, गरम पाणी आणि कापड सहन करेल तर ब्लीच. स्टीलची भांडी ठेवता येतात. चावून चरे पडलेलं प्लास्टिक, मऊ खेळणी, फोमचं अंथरूण टाकून द्या, हळहळ वाटली तरी. गालिचा, सोफा यांवर ब्लीच चालत नाही, तिथे स्टीम क्लीनर हळूहळू फिरवा, नाहीतर व्हेटकडे मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित जंतुनाशक, लेबलवर पार्वोचं नाव आहे ना ते बघून.

अंगणाच्या मातीवर ब्लीच ओतणं म्हणजे झाडं मारणं, विषाणू नाही. मातीसाठी एवढंच हातात आहे: सगळी शी उचला, पाणी मारून उरलेलं पातळ करा, ऊन पडेल असं करा, आणि लस नसलेलं कुत्रं तिथे सोडू नका.

✅ तपासा: या गोष्टी राहतात. दाराच्या कड्या, पट्ट्याचं हँडल, गाडीची सीट, मॉपचा दांडा, ज्या पिंजऱ्यातून नेलं तो पिंजरा.

पायरी ९: बरं झाल्यावर, आणि नवीन पिल्लू आणताना

बरं झालेलं पिल्लू घरी आलं की नाचत सुटतं आणि आपणही विसरतो. जुलाब थांबल्यावरही किमान दोन आठवडे त्याला दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवा. व्हेट हो म्हणाले की शाम्पूने नीट अंघोळ घाला, मागचे पाय आणि शेपटीखाली विशेष, कारण विषाणू केसांना चिकटून राहतो. पार्वोची प्रतिकारशक्ती त्याला पुढे बराच काळ राहते, पण डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) आणि बाकीच्या लशी राहिलेल्याच असतात, त्या परत कधी सुरू करायच्या ते विचारून ठेवा.

आणि ज्या घरात पिल्लू गेलं तिथे लगेच दुसरं आणायची घाई करू नका. मला कळतं घर खायला उठतं ते. पण घरातली सफाई वरच्या क्रमाने पूर्ण करून निदान महिना जाऊ द्या, अंगण असेल तर वर्षभर ते संशयित धरा. त्याआधी आणायचंच असेल तर लहान पिल्लू नको, सोळा आठवड्यांनंतरचा डोस होऊन दोन आठवडे उलटलेलं किंवा लस पूर्ण असलेलं मोठं कुत्रं आणा, आणि दारात घ्यायच्या आधी त्याच्या कार्डावरची ती वजाबाकी स्वतः करून बघा.